अठ्ठेचाळीस तास आधी कळवा

उट्रेख्त, ६ मार्च

फिन्बार,

आधी "प्रिय" लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं दिसू नये म्हणून नवा कागद घेतला, पण तुला कळावं म्हणून सांगून ठेवते.

काल मी माझ्या आईचा अंत्यविधी स्वयंपाकघरात बसून लॅपटॉपवर पाहिला. आपल्या चर्चमधला तो कॅमेरा, म्हाताऱ्यांना घरबसल्या प्रार्थना दिसावी म्हणून फादर लोनर्गननी बसवलेला. त्यात आईच्या पेटीचं एक टोक दिसतं आणि पुढच्या बाकावरची टकलं. तुझं टक्कल ओळखलं. बाबांचं डोकं दिसतच नव्हतं, म्हणजे ते पार वाकून बसले असणार. मग सहा जणांनी पेटी उचलली, दाराकडे गेले, आणि कॅमेऱ्यासमोर रिकामं चर्च उरलं. दफनभूमीत कॅमेरा नाही. कुणीतरी दिवे मालवेपर्यंत मी त्या रिकाम्या बाकांकडे बघत बसले होते.

पण त्याआधी तू बोलायला उभा राहिलास. आईच्या कोंबड्यांचं बोललास, तिच्या हट्टाचं बोललास, लोक हसले. आणि मग म्हणालास, "माझी बहीण एथ्ना हॉलंडमध्ये असते. तिला यायला जमलं नाही."

जमलं नाही? अरे, मंगळवारी विमानतळावरून रडत रडत फोन कुणाला केला होता मी? सगळ्या गावासमोर, आईच्या पेटीशेजारी उभा राहून तू मला अशी मुलगी ठरवलंस, जिला आईच्या मातीला यायला सवड झाली नाही!

पुन्हा सांगते, नीट वाच. सोमवारी सकाळी आई गेली, तासाभरात मी तिकीट काढलं. मंगळवारी कोरिब एअरच्या काउंटरवर गेले. तिथली बाई म्हणाली, "चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांनी अठ्ठेचाळीस तास आधी कळवायला हवं." मी म्हटलं, "बाई, अठ्ठेचाळीस तासांपूर्वी माझी आई जिवंत होती." तिने पुन्हा तेच वाक्य म्हटलं. मी तिला नियम म्हणून दाखवला, तो मला तोंडपाठ आहे: आधी कळवलेलं नसलं तरी होईल तितकं सगळं करून माणसाला न्यायचं. ती म्हणाली, सिस्टीम घेत नाहीये. आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे मीच तिला रुमाल द्यायचा, बघ!

बुधवारच्या विमानातही नाही, कारण अठ्ठेचाळीस तास भरणार गुरुवारी. आणि आपल्याकडे माणूस तिसऱ्या दिवशी मातीत जातो. हे गणित मी शाळेत पोरांना घातलं, तर वर्गातलं सगळ्यात ढ पोरगंही सांगेल, "मिस, तुम्ही कधीच पोचणार नाही."

आता बाबा उरले. शहाऐंशीचे, छातीत यंत्र बसवलेले. उद्या ते गेले तर पुन्हा हेच होणार का? मी पुन्हा लॅपटॉपवर टकलं मोजत बसायची? याचं उत्तर मला लिहून हवंय. फोन मी उचलणार नाही. फोनवर तू हवामान सांगतोस.

एथ्ना

--

बॅलिनाक्रॉस, १३ मार्च

प्रिय एथ्ना,

माझं "प्रिय" मी खोडत नाही, बाई. शिव्या खायची सवय आहे मला, शाळेची बस चालवतो.

सगळे तुझी चौकशी करत होते. घर माणसांनी भरलं होतं, सॅंडविच संपता संपेनात, शेजारच्या विली हेनेगनच्या बायकोने दोन दिवस चुलीवरची किटली खाली ठेवली नाही. आई बघायला असती तर खूश झाली असती आणि चहा पातळ झाला म्हणाली असती.

त्या वाक्याबद्दल. मी काय बोलायचं होतं, एथ्ना? आई समोर, फादर शेजारी, तिथे उभं राहून विमानकंपनीशी भांडण काढू? ती जागा आहे का? लोकांना वाईट वाटू नये म्हणून जे तोंडाला आलं ते बोललो. त्यात एवढं काय?

दुसरं म्हणजे, लपवत नाही. पेटीवाल्या क्विल्टीने विचारलं होतं, शुक्रवारपर्यंत थांबायचं का. पण लीड्सहून आत्याकडची मंडळी परतीच्या तिकिटावर आली होती, हॉटेलात जेवण सांगून झालं होतं, आणि विलीने पोरांना घेऊन कबर खणून ठेवली होती. उघडी कबर फार ठेवू नये, ती घरातलं पुढचं माणूस ओढते. हस तू. पण बाबा खिडकीपाशी बसलेले दिसत होते आणि मला धीर झाला नाही.

आणि खरं सांगू का, तूही थोडं जमवून घ्यायला हवं होतंस. ती मोठी खुर्ची ठेवून साधी घडीची घेऊन निघाली असतीस तर? विमानाच्या दारातून विली आणि मी तुला उचलून आणलं असतं. तुझं वजन ते काय! आपली माणसं आहेत कशाला?

बाबांबद्दल असलं अभद्र लिहू नकोस. ते ठणठणीत आहेत. काल बटाट्याचे वाफे केले.

आईला जाऊन महिना होतो, त्याची प्रार्थना ५ एप्रिलला, शनिवारी. आईसाठी तेवढी ये. झालं गेलं विसरू.

तुझा,
फिन्बार

--

उट्रेख्त, १९ मार्च

फिन्बार,

उचलून!

आपल्या चुलत मोनिकाच्या लग्नात हॉटेलच्या पायऱ्यांवरून तुम्ही मला उचलून नेलं होतंत, आठवतं? तू, विली आणि नवऱ्या मुलाचा भाऊ. सगळे टाळ्या वाजवत होते. माझा झगा मांड्यांपर्यंत वर गेला होता, आणि त्या भावाचा हात कुठे होता ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला वाटलं, केवढं हे प्रेम! मला वाटत होतं, जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं.

घडीची खुर्ची म्हणे! माझी खुर्ची माझ्या पाठीच्या मापाने घडवलेली आहे. ती सोडून ये म्हणजे कणा घरी ठेवून ये. साध्या खुर्चीत एक दिवस काढला की माझी कातडी फुटते आणि मग महिनाभर पालथं पडून राहावं लागतं. हे तुला ठाऊक आहे. तू विसरतोस, कारण विसरून तुझं काही बिघडत नाही.

आणि कबर! लाज नाही वाटत लिहायला? क्विल्टी थांबायला तयार होता. आई तर कुठे पळून जाणार नव्हती. बाबांना काही होईल या भीतीने तू आईला माझ्याविना पुरलंस. आणि मी बाबांचं विचारलं की ते अभद्र! वा रे वा! तुझी भीती ती परंपरा आणि माझी भीती तो आगाऊपणा.

कोरिब एअरचं उत्तर आलं. दिलगिरी, आणि पुढच्या प्रवासात गरम नाश्त्याचं कूपन. वरातीमागून घोडं, आणि घोड्याच्या पाठीवर सॉसेज.

तरीही ५ एप्रिलला मी येते आहे. तुझ्यासाठी नाही. याच कोरिब एअरने येते, कारण तुमच्या त्या माळावर दुसरं कुणी उतरतच नाही. या वेळी पंधरा दिवस आधी कळवलंय. बॅटरी कसली, खुर्चीचं वजन किती, उंची किती, ब्रेक कसा सोडायचा, सगळं चित्रांसकट पाठवलंय. आता बघू कुठली सिस्टीम काय घेत नाही ते.

बाबांबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर तू दिलेलं नाहीस. माझ्या लक्षात आहे.

एथ्ना

--

बॅलिनाक्रॉस, २६ मार्च

प्रिय एथ्ना,

त्या लग्नातलं मला माहीत नव्हतं. त्या माणसाला मी दर रविवारी चर्चबाहेर नमस्कार करत आलोय. यापुढे नाही करणार.

तू येतेस हे बाबांना सांगितलं तर लगेच दाढी केली. अजून दहा दिवस आहेत म्हटलं तरी ऐकेनात. मी आणि विलीने पुढच्या दाराला फळ्यांचा उतार केलाय. विली स्वतः शेणाची ढकलगाडी वर-खाली नेऊन उतार तपासतो, म्हणून त्याला आधी ती गाडी धुऊन घ्यायला लावली.

फादरनी शनिवारी अकराची वेळ दिली आहे. शुक्रवारी मी व्हॅन घेऊन विमानतळावर उभा असेन.

बाबा ठणठणीत. उगाच काळजी करू नकोस.

फिन्बार

--

उट्रेख्त, १ एप्रिल

प्रिय फिन,

हो, लिहिलं. खोडत नाही.

कंपनीकडून पक्कं कळलं. बॅटरी ओली की कोरडी हे विचारायला तीन वेगवेगळ्या माणसांनी फोन केले, तिघांनाही कोरडी सांगितलं. खुर्चीवर मोठा कागद चिकटवलाय, "आडवी ठेवू नये", चार भाषांत. आईच्या कबरीवर लावायला इथल्या ट्युलिपचे कंद आणतेय. ती म्हणाली असती, विकत कशाला आणलेस?

खरं सांगते, मला आशा वाटायला लागली आहे. त्याचाच राग येतो.

एथ्ना

--

बॅलिनाक्रॉस, १४ एप्रिल

प्रिय एथ्ना,

तुला व्हॅनने आणि बोटीने घरी सोडून आलो, त्याला आता पाच दिवस होतील. बसमधली पोरं विचारतात, फिन्बार, गप्प का रे तू. मी गप्प कुठला? मी मनात शिव्या घालतोय.

डोळ्यांसमोरून जात नाही ते. सगळं विमान रिकामं झालं, लोक भेटले, मुके घेऊन झाले, आणि सगळ्यांच्या शेवटी तू आलीस. विमानतळाच्या त्या ढकलायच्या खुर्चीत, एका बाजूला कललेली, एका हाताने स्वतःला धरून ठेवलेली. आणि तुझ्यामागून एक माणूस तुझी खुर्ची ओढत आणत होता. ओढत, एथ्ना! खुर्चीची पाठ वाकलेली, चालवायचा दांडा तारेला लोंबतोय. उभी मावत नव्हती म्हणून आडवी टाकली म्हणे. आणि तुझा तो कागद जागच्या जागी, चार भाषांत.

मग ती कंपनीची मुलगी आली आणि मला विचारते, "यांना थोडं चालता येतं का?" मला! तू तिथे समोर बसलेली! म्हणजे तू पार्सल आणि मी पार्सल घ्यायला आलेला!

मी उभ्या जन्मात कुणावर ओरडलो नव्हतो. त्या दिवशी ओरडलो ते पहारेकरी धावत आला. काय काय बोललो ते मी नंतर फादरना कबुलीत सांगितलं. ते म्हणाले, यातलं पाप किती आणि बरोबर किती हे मला वेगळं करता येत नाही, जा घरी.

शनिवारी तू आईच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली होतीस. चर्चला नेणं शक्यच नव्हतं. फादर म्हणाले, मग प्रार्थना तुमच्या घरी, पूर्वी घराघरांत पाळीने व्हायची तशी. जिन्यावर माणसं, खिडकीबाहेर माणसं, विली तर फळ्यांच्या उतारावर गुडघे टेकून. तेव्हा मी उभा राहून म्हणालो, "मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. एथ्ना वेळेत निघाली होती. तिला काउंटरवरून परत पाठवलं आणि आम्ही तिच्यासाठी थांबलो नाही." विलीच्या बायकोने मोठ्याने एक शिवी हासडली, फादरांच्या देखत. फादर म्हणाले, आमेन.

तू मात्र वळून बघितलं नाहीस. परतीच्या वाटेवरही बोलली नाहीस. अजून रागावली आहेस का?

तुझा,
फिन्बार

--

उट्रेख्त, २१ एप्रिल

प्रिय फिन,

हो, रागावले आहे.

तू उभा राहून बोललास तेव्हा मला रडू फुटलं होतं, तोंड भिंतीकडे होतं म्हणून कुणाला दिसलं नाही. बरं वाटलं रे. आईच्या खाटेवर, आईच्या उशीवर, सगळं गाव खोलीत. पण फादर भले म्हणून देव घरी आला. तुझ्याकडे व्हॅन म्हणून मी परत पोचले. ज्याला भाऊ नाही, ज्याच्या गावचा फादर खडूस आहे, त्याने काय करायचं? घरी बसायचं? मला कुणाचा भलेपणा नको होता. मी तिकीट काढलं होतं, बस्स. तिकीट काढणारी इतर माणसं पोचतात तशी मला पोचायचं होतं.

पाठीला जखम झालीच. हे पालथं पडून लिहितेय, म्हणून अक्षर असं. खुर्चीचा भाग जर्मनीहून यायचा, उन्हाळा उजाडेल म्हणतात. शाळेत माझ्या जागी एक पोरसवदा मास्तर आलाय आणि तो पोरांना अपूर्णांक चुकीचे शिकवतोय.

कोरिब एअर म्हणते, खुर्ची हे सामान. सामानाच्या नियमाने जे काय मिळेल ते मिळेल, सुटकेस फुटली तर मिळतं तसं. मी लिहिलं, "आधी कळवलं नाही म्हणून तुम्ही नेलं नाहीत, आधी कळवलं तर मोडून नेलंत, आता मी करू काय?" उत्तर आलं, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." फिन, मी उशी चावली.

आता बाबांचं. सेंट पॅट्रिकच्या सणाच्या आठवड्यात, मार्चच्या मध्याला, ते इस्पितळात होते, यंत्र बिघडलं म्हणून. त्यांनीच सांगितलं मला, खाटेशी बसून. आणि तू "ठणठणीत" लिहितोस! मला काळजी नको म्हणून, होय ना? तुम्ही सगळे माझ्यासाठी काय काय ठरवता! काउंटरवरची बाई ठरवते मी कधी उडायचं, तू ठरवतोस मी कशाची काळजी करायची.

म्हणून तिसऱ्यांदा विचारते, आणि अभद्र म्हणालास तर पुन्हा पत्र लिहिणार नाही. बाबा गेले तर तू माझ्यासाठी थांबशील का? हो की नाही?

एथ्ना

--

बॅलिनाक्रॉस, २९ एप्रिल

प्रिय एथ्ना,

इस्पितळाचं लपवलं, चुकलो. यापुढे त्यांना शिंक आली तरी कळवीन.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला आणि म्हणाले, कागद आण. मी म्हटलं, "बाबा, असल्या गोष्टी लिहू नयेत." ते म्हणाले, "मरणार मी की तू? लिही मुकाट्याने." त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. फक्त एक शिवी गाळली, तीही अर्धा तास भांडून. काल पोस्टात टाकलं, नक्कल सोबत आहे. मी साक्षीदार म्हणून सही केली आहे. तेच माझं उत्तर समज.

फिन्बार

--

कोरिब एअर, ग्राहक विभाग,
यातलं जो कोणी वाचत असेल त्याला,

मी थॅडी गॅव्हिगन, वय शहाऐंशी. मी मरणार आहे. कधी ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. पण तुम्हाला अठ्ठेचाळीस तास आधी कळवावं लागतं असं ऐकलं, म्हणून आजच कळवतो. त्याहून जास्त वेळ मिळाला तर ते तुमचं नशीब.

मी मेलो की माझी मुलगी एथ्ना उट्रेख्तहून निघेल. तिची खुर्ची विजेवर चालते. ती उभी ठेवायची. आडवी नाही. बॅटरी कोरडी आहे. हे सगळं तिने तुम्हाला मागेच लिहून दिलं होतं, पण तुमच्यात कुणाला वाचता येतं असं दिसलं नाही. तिला काही विचारायचं असेल तर तिलाच विचारा. तिला तोंड आहे, ते तिच्या आईवर गेलं आहे.

माझी बायको डीलिया. तिला आम्ही तिच्या मुलीविना पुरलं. मी वर गेलो की ती पहिला प्रश्न हाच विचारणार, आणि ती कारणं ऐकून घेणारी बाई नाही. तेव्हा माझ्या वेळी तसं होणार नाही. मुलाला बजावून ठेवलं आहे, एथ्ना या घरात आल्याशिवाय मला घराबाहेर काढायचं नाही. कबर उघडी राहिली तर राहू दे. तिने ओढायचं माणूस आधीच ओढलेलं असेल. उन्हाळ्यात मेलो तर वास सुटेल. सुटू दे.

आमच्या मेयो जिल्ह्यात वारलेल्या माणसांची नावं रोज सकाळी रेडिओवर वाचतात, आणि सगळे जण हातातलं काम टाकून ऐकतात. माझी सूचना मी त्यांच्याकडे देऊन आलो आहे. तिथली बाई म्हणाली, आजोबा, जिवंत माणसाची आम्ही घेत नाही. मी म्हटलं, मग कपाटात ठेव, फार दिवस जागा अडणार नाही. तिने ठेवली. मी मेलो की मला गाडेपर्यंत रोज वाचायची असं ठरलं आहे. मजकूर असा:

"थॅडी गॅव्हिगन, बॅलिनाक्रॉस, यांचं निधन झालं. ते घरीच आहेत. दफन त्यांची मुलगी एथ्ना पोचल्यावर होईल. ती कधी पोचेल, याची चौकशी सर्वांनी कोरिब एअरकडे करावी."

पुढे तुमचा फोन नंबर दिला आहे.

कळवलं आहे.

थॅडी गॅव्हिगन
साक्षीदार: फिन्बार गॅव्हिगन, मुलगा